स्वतःचा मुलगा मंडळीत येत नाही, मग दुसऱ्यांच्या मुलांना मी काय सांगू?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देतो.

पत्रलेखक ५३ वर्षांचे आहेत. आय.टी.आय. करून त्यांनी दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, ते आजही चालू आहे. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते नियमित जातात, पण पुढे होऊन बोलणाऱ्यांतले नाहीत. नाताळात मांडव घालणं, लाउडस्पीकरची वायर ओढणं, जनरेटर सुरू करणं ही त्यांची कामं. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी त्यांना मंडळीच्या तरुण संघाची जबाबदारी घ्यायला सांगितलं. "पोरांना तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे," असं ते म्हणाले. तेव्हापासून पत्रलेखकांना झोप नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा २४ वर्षांचा आहे, सुरतेला कापडाच्या मिलमध्ये कामाला आहे. तो दर महिन्याला घरी पैसे पाठवतो, आईशी बोलतो, पण दोन वर्षांपासून त्याने मंडळीत पाऊल टाकलेलं नाही. वडिलांशी त्याचं बोलणं "बरं आहे ना" याच्या पुढे जात नाही. दोन वर्षांपूर्वी तो एका मुलीशी बोलतो म्हणून संघाच्या सभेत सगळ्यांसमोर उभं करून त्याला सुनावण्यात आलं होतं. वडील तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गॅरेजवर दोन मुलं येऊन बसतात. एक मंडळीतला, १९ वर्षांचा. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. या उन्हाळ्यात तो एका लग्नात दारू प्यायला, नाचला, पडला. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तो मंडळीच्या ग्रुपवर फिरला. वडील मंडळातल्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांतल्या, एकांनी पत्रलेखकांना सांगितलं आहे की संघ हातात घ्यायचा असेल तर आधी या पोराला गॅरेजवरून हाकला. दुसरा मुलगा १७ वर्षांचा, शेजारच्या कुटुंबातला. तो ख्रिस्ती नाही.

"ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्याने मंडळी कशी सांभाळावी, असं शास्त्रातच लिहिलं आहे. मला उपदेशही करता येत नाही. पाळकसाहेबांचं मन न दुखवता नकार कसा द्यावा, तेवढं सांगा," अशी त्यांची विनंती आहे.

प्रिय भाऊ,

सलाम.

एका गोष्टीला तुम्ही नकार द्यावा असं मलाही वाटतं. ती कोणती ते पुढे सांगतो. पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिली ती तुमच्या गॅरेजवर बसणारी दोन पोरं. त्यांना कुणी बोलावलेलं नाही. गावात स्टँड आहे, चौक आहे, वेळ घालवायला मोबाइल आहे. तरी ती रोज तुमच्याजवळ येऊन बसतात. पाळकसाहेबांनी तुमचं नाव घेतलं ते हे बघूनच घेतलं असणार. जे काम तुम्हाला देऊ केलं आहे त्यातलं निम्मं तुम्ही नाव न देता करतच आहात.

आधी तो शास्त्रभाग घेऊ, कारण तुमचं मन तिथे अडलं आहे. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल अध्यक्षाविषयी बोलतो, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्याविषयी. आपल्या घरची व्यवस्था ज्याला ठेवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, हा प्रश्न तिथे पदासाठी विचारलेला आहे. तो मी सौम्य करणार नाही. ज्याच्या हातात इतरांना जाब विचारायचा अधिकार येतो, त्याच्या घराकडे बघायलाच हवं. पण तोच पौल तीताला लिहितो तेव्हा म्हातारी माणसं, म्हाताऱ्या स्त्रिया, तरुण माणसं, प्रत्येकाने कसं असावं ते सांगतो आणि त्यात कुणालाही पद देत नाही. वय झालेल्या पुरुषाने संयमाने वागावं, विश्वासात, प्रीतीत, सहनशीलतेत धड असावं, एवढंच तो मागतो. तरुणांविषयी बोलताना तीतालाही तो सांगतो की चांगल्या कामांचा कित्ता तू स्वतः हो. हे काम वाढत्या वयाच्या प्रत्येक विश्वासणाऱ्याचं आहे. त्यासाठी सभेचा ठराव लागत नाही.

आणि घर सांभाळता आलं नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? परमुलखात एकटा राहून, मिलमध्ये राबून दर महिन्याला घरी पैसे पाठवणारा मुलगा कुणाकडे बघून ते शिकला? मंडळीतले लोक तुम्हाला येता-जाता उधळ्या पुत्राचा दाखला ऐकवत असतील. त्या दाखल्यातल्या मुलाने बापाच्या हयातीत आपला वाटा मागून घेतला आणि उडवला. तुमच्या मुलाने तुमच्याकडून काही नेलेलं नाही. तो मंडळीपासून दूर आहे आणि त्याला एक कारण आहे. ते कारण तुम्हीच लिहिलं आहे. त्याला उधळ्या कुणाला म्हणू देऊ नका. मनातल्या मनात तुम्हीही म्हणू नका.

आता उपदेशाचं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशू बारा शिष्यांना निवडतो. त्यांनी आधी त्याच्याबरोबर असावं आणि मग त्याने त्यांना उपदेश करायला पाठवावं, असा तिथला क्रम आहे. ते त्याच्याबरोबर जेवले, चालून दमले, वादळात होडीत बसले, लोकांनी त्याला हाकलून दिलं तेव्हा तो कसा वागला ते त्यांनी पाहिलं. पौलाचंही तसंच. करिंथला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला तो त्यांचा धंदा एकच होता म्हणून, तंबू करण्याचा. पुढे याच नवरा-बायकोने अपुल्लोला, जो बोलण्यात भारी वाकबगार होता, आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. हातावर पोट असलेल्या माणसांनी वक्त्याला शिकवलं, आणि चारचौघांत त्याची चूक न काढता शिकवलं. तुमच्या मुलाच्या वाट्याला नेमकं हेच आलं नाही.

गॅरेजमध्ये मी काय शिकवणार, असं म्हणाल. एखाद्याची गाडी आवाज करत येते. चेनसेट बदलायची गरज नाही, ताण देऊन तेल घातलं की काही महिने निघतील, हे तुम्हाला कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही. त्या वेळी तुम्ही काय सांगता ते बाकड्यावर बसलेला पोरगा ऐकत असतो. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवता का, पाड्यावरून आलेल्या माणसाला आणि तहसील कचेरीतल्या साहेबाला मजुरी एकच सांगता का, उधारी थकवलेला माणूस समोरून गेला तर त्याच्यामागे काय बोलता, हात ग्रीसने भरलेले असताना घरून फोन आला तर आवाज कसा असतो. तुमचा विश्वास त्या पोरांना इथेच दिसतो. सभेत हे शिकवायचं म्हटलं तरी शिकवता येत नाही.

मी मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलो. सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत ऐकलेल्या उपदेशांची मला किंमत आहे, पण त्यांतले फार थोडे आज आठवतात. बोर्डिंगचे सुतारकाका मात्र लख्ख आठवतात. मोडक्या बाकांचे वाकडे खिळे काढून, ठोकून, सरळ करून ते एका डब्यात ठेवायचे. काम झालं की उरलेले नवे खिळे मोजून ऑफिसात परत नेऊन द्यायचे. ते मागायला कधी कुणी येत नसे. आम्हा पोरांना त्यांनी प्रामाणिकपणावर काही सांगितल्याचं मला आठवत नाही, आणि आज पंचविशी-तिशीतली मुलं माझ्याकडे नोकरीतल्या पैशांचे गुंते घेऊन येतात तेव्हा मी मनात पहिल्यांदा त्या काकांनाच विचारतो.

आपल्या भागात अशा माणसांची गरज का वाढली आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघता. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातून घरंच्या घरं कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरं. जळगावकडे बाप बहुधा घरीच असतो, पण तिथला मुलगा बारावी झाली की पुण्याला, नाशिकला, सुरतेला निघतो. पुरुष कसा असतो हे ज्या वयात मुलगा बघून बघून ठरवतो, त्या वयात त्याच्यासमोर पुरुषच नसतो, किंवा असतो तो मोबाइलच्या पडद्यावरचा. पूर्वी बोर्डिंगं होती. त्यांचे दोष मला माहीत आहेत, तरी दिवेलागणीला कोण आलं आणि कोण आलं नाही हे बघणारं तिथे कुणीतरी असायचं. पौलाला भेटलेल्या तीमथ्याला आजी लोईस आणि आई युनीके यांनी विश्वासात वाढवलं होतं. त्याचे वडील ग्रीक होते एवढंच शास्त्र सांगतं, त्यांच्या विश्वासाविषयी एक शब्दही नाही. पौलाने त्याला प्रवासात सोबत घेतलं. "चाल मनासंगे", म्हणजे चल माझ्याबरोबर, असं म्हणणारा एक मोठा माणूस, एवढीच त्या मुलाची गरज होती. तुमच्या गॅरेजवर बसणाऱ्या १९ वर्षांच्या पोराचीही याहून फार वेगळी नाही.

आता तुमच्या मुलाकडे येतो. सभेतला तो प्रसंग तुम्ही तीन ओळींत लिहिलात आणि पुढे गेलात. मला वाटतं सगळ्या पत्राची गाठ त्या तीन ओळींत आहे. २२ वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. बोलणारे लोक त्याच्यासाठी शेवटी परके होते. जो गप्प बसला होता तो बाप होता. तुम्ही धरून चालला आहात की तो मंडळीवर रागावला आहे, कदाचित देवावरही. मी त्याला ओळखत नाही, म्हणून ठामपणे सांगत नाही. पण "बरं आहे ना" इथे थांबणारं बोलणं तुमच्याशी आहे, आईशी नाही. तो तुमच्या तोंडून काहीतरी ऐकायचं राहिलं म्हणून थांबलेला असू शकतो. "त्या दिवशी मी गप्प बसायला नको होतं," हे वाक्य तुम्ही त्याला कधी म्हणालात का?

म्हणाल तेव्हा त्याच्यापुढे "पण" जोडू नका. "पण तूही जरा सांभाळून वागायला हवं होतंस" असं जोडलंत की पहिलं वाक्य गेलंच. मंडळीत परत ये, असंही त्या भेटीत म्हणू नका. क्षमा मागायला गेलेल्या माणसाने त्याच हाताने काही मागू नये.

आणि ती मुलगी? तिलाही असंच उभं केलं होतं का, ती आता मंडळीत येते का, हे तुमच्या पत्रात नाही. तरुण मुलांना घडवायचं असेल तर मुलींशी कसं बोलावं, त्यांच्याविषयी कुणी वेडंवाकडं बोलत असेल तर आपण काय करावं, हे त्यात आलंच. तेही पोरं मोठ्यांकडे बघूनच शिकतात. पाळकसाहेबांशी बोलताना तिची चौकशी करा.

तुमच्या मनात जे आहे तेच ज्याच्या आयुष्यात खरोखर घडलं असा माणूस शास्त्रात आहे, तो याजक एली. त्याची मुलं हफनी आणि फिनहास वाया गेली होती, आणि त्यांचा दुष्टपणा माहीत असूनही एलीने त्यांना आवरलं नाही म्हणून देव त्याला दोष देतो. हा भाग गाळून मी तुमचं सांत्वन करणार नाही. पण त्याच घरात, डोळे अधू झालेल्या त्याच म्हाताऱ्याजवळ शमुवेल वाढला. रात्री हाक ऐकून पोरगा तीनदा त्याच्याकडे धावला, आणि ती हाक देवाची आहे हे ओळखलं एलीने. पुन्हा हाक आली तर काय उत्तर द्यायचं तेही त्यानेच शिकवलं. सकाळी कळलं की शमुवेलाला मिळालेला निरोप एलीच्या घराविरुद्धच आहे. पोरगा सांगायला भ्यायला, तेव्हा एलीने त्याला काही लपवू नकोस म्हणून सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. तुमची चूक एलीच्या चुकीएवढी नाही. तरी आपल्याविरुद्धचं खरं एका पोराच्या तोंडून शांतपणे ऐकून घेणं त्याच्याकडून घ्या. तुमचा मुलगा मन मोकळं करायला लागला तर ते तुम्हाला लागणार आहे.

आता लग्नात प्यायलेला मुलगा. नात्यातल्या लग्नात ढोल असतो, मोहाची दारू असते, चुलतभाऊ हात धरून ओढतात. तो नाचला यात मला काही वावगं दिसत नाही. आपल्या माणसांच्या आनंदात नाचू नये असं त्याला शिकवलंत तर विश्वास म्हणजे आपल्या लोकांकडे पाठ फिरवणं, एवढंच त्याला कळेल. होळीच्या दिवसांत हाच प्रश्न पुन्हा येईल, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. तो प्यायला आणि पडला, याविषयी मात्र बोलायलाच हवं. आणि व्हिडिओ काढणाऱ्याला, तो मंडळीच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला कुणी काही विचारलं का, हेही.

योहान मार्कची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पौल आणि बर्णबा यांच्यासोबत प्रचाराला निघाला असताना पहिल्या फेरीत तो पंफुल्यातून काम सोडून परत गेला. पुढच्या वेळी बर्णबा त्याला पुन्हा न्यायचं म्हणाला आणि पौल नाही म्हणाला. वाद एवढा पेटला की ते दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला. आपल्या भाऊबंदाची बाजू घेतो, असंही कुणी म्हटलं असेल, कारण कलस्सैकरांच्या पत्रावरून त्यांचं नातं होतं हे कळतं. पुष्कळ काळाने तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात मार्कजवळ कुणीतरी थांबलं होतं. पौलाची शिस्त चूक होती असं मी म्हणत नाही. मंडळीला दोघेही लागतात, पण पौलाची जागा घ्यायला लोक चटकन पुढे येतात. बर्णबाची जागा तुमच्या गावात सध्या रिकामी आहे.

या मुलाशी एकट्याने बोला, शक्यतो काम करता करता. दोघांची नजर इंजिनवर असली की पोरं जास्त खरं बोलतात. आधी विचारा: पहिल्यांदाच प्यायलास का, आठवड्यातून किती वेळा होतं, पैसे कुठून येतात? एका लग्नाची गोष्ट असेल तर एकदा स्पष्ट बोलून विषय संपवा, पुन्हा पुन्हा काढू नका. रोजचं झालं असेल, सकाळी हात थरथरत असतील, उसनवारी सुरू झाली असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही लागेल. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं, म्हणून शपथ घालून घरी कोंडू नका. जिल्हा रुग्णालयात न्या. मनाने खचलेला वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.

वडील मंडळातल्या त्या गृहस्थांना मात्र तुम्हीच उत्तर द्यायला हवं, पाळकसाहेबांवर ढकलू नका. भांडण नको, भाषणही नको. घरी जाऊन सांगा: "हा पोरगा माझ्याकडे येत राहील. मी त्याच्याशी बोलतो आहे. तुम्हालाही त्याला काही सांगायचं असेल तर मी त्याला तुमच्याकडे घेऊन येतो, आपण तिघं बसू." एवढं पुरे. दोन वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी तुमचे शब्द अडकले होते तिथेच तुम्ही पुन्हा उभे आहात. या वेळी बोला.

बोलण्याआधी एक मात्र तपासून बघा. या मुलाची बाजू घेऊन स्वतःच्या मुलाच्या वेळची भरपाई करायचा विचार तर मनात नाही ना? तसं असेल तर तो मुलगा काही दिवसांत ओळखेल की आपण कुणाच्या तरी जागी बसलो आहोत. मुलाचं देणं मुलालाच द्यावं लागतं. हा पोरगा त्याच्या स्वतःसाठी तुमच्याकडे आला आहे. उद्या तो येईनासा झाला, मंडळी सोडून गेला, तरी तुमचं करणं फुकट गेलं असं समजू नका.

दुसऱ्या मुलाचा, ख्रिस्ती नसलेल्याचा, उल्लेख तुम्ही जाता जाता केलात. संघाच्या यादीत तो बसत नाही म्हणून असेल. इथे मला खानदेशातलीच एक जोडी आठवते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावला जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा पोरगेला मुलगा तिथे उभा राहिला आणि बालकवी झाला. त्याच्यावर माया जडली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, जे १८९५ साली ख्रिस्ती झाले होते. पुढे ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हणून त्या घरात त्यांचं ताट कमी झालं नाही. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, भादलीजवळ रेल्वेखाली ते गेले. तुमच्या शेजारच्या मुलाशीही तसंच निर्मळ राहा. तो १७ वर्षांचा आहे, म्हणून त्याच्या आईवडिलांना स्वतः भेटून सांगा की तुमचा मुलगा माझ्याकडे बसतो, तुमची हरकत नाही ना. तो विचारेल तेव्हा तुमच्या विश्वासाविषयी मोकळेपणाने सांगा. न विचारता त्याच्यावर काही लादू नका, आणि त्याच्या आईवडिलांच्या पाठीमागे त्याला सभेला नेऊ नका.

बाकी काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. त्या इतर मंडळ्यांतही लागू पडतील, म्हणून लिहितो.

पोरं कामाला हात लावत असतील तर मजुरी द्या. एखादा पाना उचलून दिला त्याचे पैसे नकोत, पण तो पंक्चर काढायला लागला, सर्व्हिसिंगमध्ये हात देऊ लागला की ठरवून द्या. कामकरी मजुरीला योग्य आहे, हे प्रभूचंच वाक्य आहे. शिकवतो आहे ना, मग पैसे कसले, असं म्हणून चांगली माणसंही पोरांकडून फुकट राबवून घेतात. उसने पैसे देऊ नका, जेवायला घाला. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहू नका, कितीही गयावया केली तरी. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात हा इशारा आहे आणि आपल्या गावागावांत त्याचे दाखले आहेत. जामीन फसला की पैशाआधी माणूस तुटतो.

भेटणं उघड्यावर असू द्या. शटर वर, रस्त्यावरून दिसेल असं. अठराच्या आतल्या मुलाला बंद खोलीत एकट्याने भेटणं, रात्री उशिरा मेसेज करणं, एकट्याला घेऊन मुक्कामी जाणं नकोच. तुमच्या मनात काही वावगं नसेल, मला ठाऊक आहे. पण आज तुम्ही पाडलेली रीत उद्या तुमच्या जागी येणाऱ्यालाही बांधून ठेवते, आणि तो कसा असेल हे कुणाला माहीत?

घरी विचारलंत का? पोरं जेवायला येणार तर स्वयंपाक तुमच्या पत्नीला करावा लागेल, आणि सभेतल्या त्या दिवसाचा भार तिनेही वाहिला आहे. मुलाशी रोज बोलणारी तीच आहे. तिचं म्हणणं आधी ऐका, आणि ते "नको" असेल तर ते खरं "नको" आहे असं धरा.

तर नकार कशाला द्यायचा? संघाच्या प्रमुखपदाला. सभा चालवणं, वर्गणी, सहली, नाताळचा कार्यक्रम हे करणारं दुसरं कुणी मिळेल, कदाचित संघातल्याच एखाद्या पंचविशीतल्याला जमेल. पाळकसाहेबांना सांगा की पद दुसऱ्याला द्या, दोन पोरं माझ्याकडे असू द्या. मंडळीत तुमच्या वयाची आणखी माणसं असतील. कुणी शिक्षक, कुणी एस.टी.त कंडक्टर, कुणी शेतकरी. प्रत्येकाने एक-एक पोरगा जवळ केला तर संघाला एका प्रमुखाच्या जिवावर तगून राहावं लागणार नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही अट म्हणून घाला: कुणालाही पुन्हा सभेत उभं करून सुनावलं जाणार नाही. चुकीची चौकशी करायची असेल तर खासगीत, दोघांच्या साक्षीने, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलं आहे त्याच क्रमाने. ही अट तुमच्या तोंडून आली तर तिला वजन येईल, कारण ती का घालता हे सगळ्यांना कळेल.

पण पाळकसाहेबांना हे सगळं कळवायची घाई करू नका. आधी सुरतेला जा. फोनवर हे बोलणं होणार नाही, दोघांपैकी कुणीतरी "बरं आहे ना" म्हणेल आणि संपेल. तुमच्या जिल्ह्यातून सुरतेला थेट गाडी आहे. मुलाच्या सुट्टीचा दिवस त्याच्या आईकडून विचारून घ्या, गॅरेज एक दिवस बंद ठेवा आणि एकटेच जा. तो राहतो ती खोली बघा, जिथे जेवतो तिथे त्याच्यासोबत जेवा, मिलमधलं काम काय असतं ते विचारा. जे सांगायचं आहे ते सांगा. पाळकसाहेबांनी तुम्हाला काय विचारलं आहे आणि गॅरेजवर कोण येऊन बसतं, हेही त्याला तुमच्याकडूनच कळू द्या, गावाकडून नको. तो काय म्हणतो ते ऐका. त्याला आवडलं नाही तर तसंही म्हणू द्या. परत आल्यावर पाळकसाहेबांकडे जा.